बदनाम माणूस मंडळीत परत येतो तेव्हा

मालव्यातली रूथ | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार. प्रश्न इंदूरच्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीतला, म्हणजे चर्चमधला आहे, पण उत्तरं फक्त ख्रिस्ती लोकांकडून नकोत, म्हणून इथे मांडते आहे.

आमची उपासना हिंदीत होते. मराठी घरं मोजकी. आजे-पणजे नगर-जालन्याकडून मिशनच्या शाळा-दवाखान्यांत नोकरीला आले आणि इथलेच झाले. अशाच एका घरातला हा माणूस, आज पन्नाशी उलटलेला. मालवा मिलच्या भागात त्याची बीसी चालायची, भिशीच म्हणा. धुणंभांडी करणाऱ्या बायका, गिरणी बंद पडल्यावर रिक्षा धरलेले लोक, एक-दोन शिक्षक, सगळे त्याच्याकडे पैसे भरायचे. ते त्याने क्रिकेटच्या सट्ट्यात घातले. दारू होतीच. एक दिवस कुणाला न सांगता शहर सोडून गेला. मागे राहिलेल्या बायकोने शिलाई मशीनवर पोरं वाढवली आणि दारात येणाऱ्या प्रत्येकाचं बोलणं ऐकून घेतलं.

परमुलखात एका प्रार्थनागटात तो जायला लागला, दारू सुटली, आणि कुणी शोधून न आणता तो आपल्या पायांनी परत आला. आता इंदूरच्याच छावणी भागात धान्याच्या एका गोदामावर कामाला आहे. दर रविवारी मागच्या बाकावर बसतो.

आता मंडळीचा कारभार बघणाऱ्या आमच्या पाळकीय समितीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, ईस्टरला त्याची साक्ष ठेवा, म्हणजे आपण कसे बदललो ते त्याने सगळ्यांसमोर सांगायचं, आणि तरुण संघाचं काम त्याच्याकडे द्या, बघू द्या लोकांना प्रभू काय करतो ते. दुसरा म्हणतो, अर्पणाच्या थैलीजवळही त्याला फिरकू देऊ नका.

माझं मत आधीच सांगते. त्याला क्षमा मिळाली आहे यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण गेलेलं नाव शेजाऱ्यांकडे आहे, ते शेजाऱ्यांनीच परत द्यायचं असतं. व्यासपीठावरून आम्ही ते वाटू शकत नाही. मग आम्ही करायचं काय?


प्रवरेचं पाणी | सोमवार, रात्री १०.१५

सलाम रूथताई. मला तुमच्या प्रश्नातच थोडा कोरडेपणा दिसला, रागावू नका. बायबलात, करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पाचव्या अध्यायात स्पष्ट आहे, जो ख्रिस्तात आहे तो नवी उत्पत्ती, जुने ते होऊन गेले. मग आपण जुनी वही का उघडायची? उधळ्या पुत्राच्या गोष्टीत मुलगा घरी परत आला तेव्हा बापाने त्याला अंगणात उभं करून हिशेब विचारला नाही. धावत गेला, गळ्यात पडला, झगा घातला, हातात अंगठी घातली. हिशेब काढला तो थोरल्या भावाने. आपल्या मंडळ्यांमध्ये थोरले भाऊ फार झालेत. साक्ष ठेवा. सट्ट्यात बुडालेली दहा पोरं ऐकतील, त्यातलं एक तरी वाचेल.


सुलभा सुदामानगर | मंगळवार, सकाळी ७.०५

मी हिंदू आहे, तुमच्या शास्त्रातलं मला काही कळत नाही. पण ज्यांचे पैसे बुडाले त्यांच्या बाजूने बोलायला या धाग्यावर कुणीतरी हवं.

माझ्या सासूबाईंनी बांगड्या करायला जमवलेले पैसे असेच एका बीसीवाल्याने बुडवले. तो काही वर्षांनी एका महाराजांच्या सत्संगात पुढच्या रांगेत दिसायला लागला. नंतर तर त्याच्या गळ्यात हार. सासूबाई घरी येऊन एवढंच म्हणाल्या, "याच्या देवाने याला माफ केलं वाटतं. मला कुणी विचारलंच नाही." त्या तशाच गेल्या.

मालवा मिलच्या लोकांना तर हक्काच्या पैशाची वाट बघणं म्हणजे काय ते सांगायला नको. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, आणि कामगारांची थकलेली देणी हातात पडायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. तोवर कितीतरी कामगार वारले होते. अशा वस्तीत पैसे बुडवणाऱ्याला तुम्ही ईस्टरला माइक देणार?

प्रवरेचं पाणी, तुमच्या गोष्टीतल्या मुलाने बापाचे पैसे उडवले होते. बापाचे होते, बापाने सोडून दिले. इथे पैसे लोकांचे आहेत.


प्रवरेचं पाणी | मंगळवार, सकाळी ८.३०

सुलभाताई, तुमचं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. ही गोष्ट आजवर इतक्या वेळा सांगितली, पण पैसे कुणाचे होते हे कधी मनात आलं नव्हतं.


मालव्यातली रूथ | मंगळवार, दुपारी १.२०

सुलभाताई, तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं. सासूबाईंचं वाक्य मी समितीत वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

पैशाने माणसं लुबाडणाऱ्याची गोष्ट बायबलात वेगळी आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या १९ व्या अध्यायात यरीहोचा जक्कय, जकातदारांचा मुख्य. येशू त्याच्या घरी उतरायला गेला तेव्हा गावाने कुरकुर केली, आणि माझ्या मते गावाचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्याच खिशातून याने घर भरलं होतं. मग जक्कय उभा राहिला आणि म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत. "आज या घराला तारण प्राप्त झालं आहे" असं येशू म्हणतो ते या शब्दांनंतर. मोशेच्या नियमशास्त्रातही, गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात, पाप कबूल करायचं, मूळ रक्कम द्यायची आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा असं आहे. जक्कय त्याच्याही पुढे गेला.

आता आमच्या माणसाबद्दल राहिलेलं सांगते. परत आल्यावर त्याने आठवून आठवून यादी केली, कुणाचे किती. पगार झाला की काही घरांत थोडे थोडे देतो. काहींनी घेतले. एका घरात त्याच्या तोंडावर दार लावलं. एका मावशींनी पैसे घेतले आणि म्हणाल्या, "पैसे घेते, पण तुझ्याशी बोलणार नाही." तो मला म्हणाला, त्यांचं बरोबर आहे. हे मंडळीत फार थोड्यांना माहीत आहे, कारण तो सांगत नाही. पण अशा गतीने सगळं फेडायला खूप वर्षं जातील, आणि लेखी काहीच नाही, ही मला खरी काळजी आहे.


जुना इंदुरी वकील | मंगळवार, रात्री ८.५०

लेखी काहीच नाही हे दोन्ही बाजूंना वाईट. थोडं कामाचं सांगतो.

उसने किंवा ठेव म्हणून दिलेल्या पैशाचा दावा साधारणपणे ३ वर्षांत लावावा लागतो. इथे ती मुदत केव्हाच गेली असणार, म्हणजे लोकांच्या हातात दिवाणी इलाज उरलेला नाही आणि सगळं याच्या मनावर आहे. पण भारतीय करार कायद्याच्या कलम २५ (३) प्रमाणे मुदत संपलेलं कर्जही फेडायचं लेखी वचन देऊन सही केली, तर ते वचन बंधनकारक होतं. म्हणून त्याचा पश्चात्ताप खरा असेल तर त्याने प्रत्येक घराला एक कागद करून द्यावा: इतकी रक्कम देणं आहे, दर महिन्याला इतके देईन, खाली सही आणि तारीख. म्हणजे उद्या त्याचं मन फिरलं तरी त्या मावशींच्या हातात काहीतरी राहील. माफी मागणं सोपं आहे हो, स्वतःला असं बांधून घेणारा मी क्वचित पाहिला.

दुसरं, पैसे रोख देऊ नका. यूपीआयने द्या किंवा पावती घ्या. आधीच नाव खराब आहे, उद्या कुणी "दिलेच नाहीत" म्हटलं तर त्याच्या बाजूने कोण बोलेल?

तिसरं, पोलिसांत तक्रार झाली होती का ते बघा. जुनं प्रकरण असेल तर ते भारतीय दंड संहितेखालीच चालेल, नवी न्याय संहिता १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना. फसवणुकीच्या ४२० कलमात तडजोड होऊ शकते, पण न्यायालयाच्या परवानगीने. आणि "तक्रार मागे घ्या, मग पैसे देतो" असं त्याने एकदाही म्हणू नये. तसं म्हटलं की परतफेड राहिली नाही, सौदा झाला.


उदयनगर रस्ता | बुधवार, सकाळी ६.४५

इंदूरचा विषय आहे आणि अजून कुणी राणी मारिया सिस्टरांचं नाव काढलं नाही, म्हणून लिहितो.

सिस्टर राणी मारिया केरळच्या, पण काम केलं ते देवास जिल्ह्यात उदयनगर भागातल्या आदिवासींमध्ये. लोकांना सावकारापासून सोडवून बँकेपर्यंत नेत होत्या, बचतीची सवय लावत होत्या. ते काहींना खुपलं. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्या इंदूरला येणाऱ्या बसमध्ये असताना समुंदर सिंह नावाच्या तरुणाने त्यांना भोसकून मारलं. त्याला जन्मठेप झाली.

पुढचं मला महत्त्वाचं वाटतं. सिस्टरांची सख्खी धाकटी बहीण, सेल्मी पॉल, त्याही नन. २००२ च्या राखीपौर्णिमेला त्या इंदूरच्या तुरुंगात गेल्या आणि बहिणीच्या मारेकऱ्याच्या हाताला राखी बांधली. घरच्यांनी क्षमा केली, त्याच्या सुटकेसाठीही प्रयत्न झाले, २००६ मध्ये तो सुटला. पुढे तो सिस्टरांच्या कबरीवर जात राहिला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात सिस्टरांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्याचा सोहळा झाला, तेव्हा तोही आला होता.

आता बघा, क्षमा कुणी केली? जिची बहीण गेली तिने. मी केली असती तर त्याला काय अर्थ होता, माझं काय गेलं होतं? सुलभाताईंच्या सासूबाईंचं म्हणणं नेमकं हेच आहे. मंडळीचे पैसे बुडाले नसतील तर मंडळीने मोठेपणाने "आम्ही माफ केलं" म्हणायचा अधिकार नाही. त्या धुणंभांडीवाल्या बाईने म्हणायचं. तिने नाही म्हटलं तरी तो तिचा हक्क.

पण एक करता येतं. सेल्मी सिस्टर तुरुंगाच्या दारापर्यंत एकट्या पोचल्या नव्हत्या. आधीपासून तुरुंगात जाऊन त्या माणसाशी बोलणारे एक धर्मगुरू होते. तो मधला माणूस तुम्ही होऊ शकता.


नाव नको | बुधवार, दुपारी ३.१०

मी अशाच एका माणसाची मुलगी आहे. शहर सांगत नाही.

बाबा बदलले, हे खरं आहे, मी रोज बघते. पण मंडळीत त्यांची साक्ष ठेवली की ते पहिल्यापासून सगळं सांगायचे. दारू, आईला मारणं, उधारी, सगळं. लोक रडायचे, हालेलुया म्हणायचे, बाबांना मिठ्या मारायचे. आणि आई तिथेच बाकावर मान खाली घालून बसलेली असायची. जे आम्ही घरात झाकून धरलं होतं ते दर वेळी नव्याने चारचौघांत यायचं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाकडच्यांना बाबांच्या दारूचं कुणी चुगली करून सांगितलं नाही. त्यांनी साक्षीतच ऐकलं होतं.

रूथताई, ईस्टरला त्यांना उभं करायच्या आधी त्यांच्या बायकोला विचारलंत का?


मालव्यातली रूथ | बुधवार, दुपारी ४.००

नाही विचारलं. आज संध्याकाळीच जाते. लिहिल्याबद्दल मनापासून आभार, बाळा.


वाचनवेडी ग्वाल्हेर | बुधवार, रात्री ९.३०

बाईच्या नावाचं निघालंच आहे तर पंडिता रमाबाईंची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. तिथे सिस्टरांनी त्यांना लंडनमध्ये फुलहॅमला नेलं, समाजाने "पतित" म्हणून टाकलेल्या बायकांसाठी काम चालायचं तिथे. एकेकाळी ज्यांना कुणी उंबऱ्यात उभं केलं नसतं अशा बायका स्वतः बदलून इतर दुःखी बायकांची सेवा करताना त्यांनी पाहिल्या. आपल्याकडे अशा बाईला शास्त्रात आणि समाजात काय वाट होती, हे रमाबाईंइतकं कुणाला माहीत असणार? त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? तेव्हा एका सिस्टरने त्यांना येशू विहिरीवर ज्या बदनाम शोमरोनी स्त्रीशी बोलला तिची गोष्ट सांगितली, योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली. पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी अशा बायकांसाठी कृपासदन उभं केलं.

मला यातलं काय महत्त्वाचं वाटतं सांगू? त्या बायकांना कुणी मंचावर चढवलं नव्हतं. त्यांच्या हाताला काम दिलं होतं, तेही दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचं.

आणि खरं सांगा, या धाग्यातला माणूस बाई असता, तर ईस्टरच्या साक्षीचा प्रश्न समितीसमोर आला तरी असता का? त्याच्या बायकोने काहीच केलं नव्हतं, तरी इतकी वर्षं बोलणी तिने खाल्ली. नाव परत मिळायचं तर आधी तिचं मिळू दे.


राजवाडा परिसर | गुरुवार, सकाळी ८.००

स्पष्ट विचारतो. या "बदललेल्या माणसां"च्या गोष्टी शेवटी धर्मांतरासाठीच वापरल्या जातात ना?


मालव्यातली रूथ | गुरुवार, सकाळी ९.१५

दादा, हा माणूस जन्माने ख्रिस्ती, त्याच्या आज्याचा बाप्तिस्मा झालेला. मध्य प्रदेशात धर्म बदलायचा तर २०२१ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे ६० दिवस आधी सांगावं लागतं, ते आम्हाला पक्कं माहीत आहे. इथे कुणाचा धर्म बदलायचा नाहीये. ज्या घरांचे पैसे गेले ती बहुतेक हिंदू आणि मुसलमान घरं आहेत, त्यांना त्यांचे पैसे मिळावेत एवढंच चाललंय. साक्षीची अशी जाहिरात होऊ नये ही तुमची काळजी असेल, तर मी तुमच्या बाजूला आहे.


आजचा दिवस | गुरुवार, दुपारी २.४५

दारू सोडलेल्यांच्या गटात मी बरीच वर्षं जातो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालं, त्याची मुळं ख्रिस्ती प्रार्थनागटांत आहेत. बारा पायऱ्यांतली आठवी: ज्यांना ज्यांना दुखावलं त्यांची यादी करा. नववी: शक्य तिथे थेट भरपाई करा, पण त्याने त्यांना किंवा दुसऱ्या कुणाला इजा होणार असेल तर नको. वर "नाव नको" म्हणणाऱ्या ताईने लिहिलं ते या नवव्या पायरीतच बसतं. माफी मागायची घाई आपल्याला असते, समोरच्याला नसते. ज्या घरात दार लावलं तिथे परत परत जाऊ नका म्हणावं. पैसे दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवा.

आणि ईस्टरला व्यासपीठ, तरुण संघ, हे दोन्ही त्याच्यासाठी धोक्याचं आहे. टाळ्यांची नशा पण चढते. मी गटात चढलेली पाहिलीय.


दांडिया बझार | गुरुवार, रात्री १०.२०

वडोदऱ्याहून. बायबलात, प्रेषितांच्या कृत्यांत, नवव्या अध्यायात, ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा शौल (पुढचा पौल) बदलून यरुशलेमेत येतो तेव्हा शिष्य त्याला घाबरतात. हा शिष्य झालाय यावर त्यांचा विश्वासच बसत नाही. त्यांना कुणी अल्पविश्वासी म्हटलेलं नाही, ज्याने घराघरांतून माणसं ओढून नेली त्याला घाबरणारच. तेव्हा बर्णबा नावाचा शिष्य त्याला बरोबर घेऊन प्रेषितांकडे जातो. बर्णबाच्या शब्दाला वजन कशामुळे? चौथ्या अध्यायात त्याने स्वतःचं शेत विकून पैसे आणून दिले होते. त्याची पत होती, ती त्याने शौलासाठी वापरली.

आणि त्यानंतरही शौलाला लगेच काही पद मिळालं नाही. त्याला तार्साला पाठवलं. पुढे अंत्युखियात गरज पडली तेव्हा बर्णबाच त्याला शोधायला गेला. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीच्या अध्यक्षाबद्दल म्हटलंय की बाहेरच्या लोकांमध्येही त्याचं नाव चांगलं असावं. बाहेरच्या लोकांमध्ये, म्हणजे सुलभाताईंसारख्यांमध्ये. मंडळीने आतल्या आत ठरवून चालत नाही.

तेव्हा रूथताई, तुमच्या समितीत मालवा मिलमध्ये पत असलेलं कोण आहे? त्या माणसाने याच्याबरोबर घरोघर जावं.


मालव्यातली रूथ | रविवार, संध्याकाळी ६.३०

काल समितीची बैठक झाली. तुमचे प्रतिसाद मी छापून नेले होते.

ईस्टरची साक्ष रद्द. त्याच्या पत्नीला भेटले होते. त्या म्हणाल्या, "मला कुणी पहिल्यांदाच विचारलं." आणि मग म्हणाल्या की साक्ष नको, पण हे रोज कामावर जातात हे मोहल्ल्यात कळलं तर बरं. खुद्द त्याला सांगितलं तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडलेला दिसला. साक्ष त्याने मागितलीच नव्हती, आमचाच उत्साह होता.

तरुण संघ आणि पैशाचं कुठलंही काम सध्या नाही. हे त्याला आडून नाही, समोर बसवून सांगितलं. एम. वाय. रुग्णालयात बाहेरगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांना आमच्याकडून जेवण जातं, ते पोचवायला तो आता जाईल. वकीलकाकांनी सांगितलं तसे कागद होतील. मंडळीतले एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांच्या हाताखाली त्या वस्तीतली निम्मी पोरं शिकली, ते त्याच्याबरोबर घरोघर जायला तयार झालेत. कागदावर जामीन म्हणून सहीसुद्धा करतो म्हणाले. दार लावणाऱ्या घरी ते एकटेच जातील.

एक-दोघांना हे फार कडक वाटलं. एक भगिनी रडल्या, कृपा कुठे गेली म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं, मुख्याध्यापकांच्या सहीत आहे ती.


सुलभा सुदामानगर | रविवार, रात्री ८.१०

ताई, वाचून बरं वाटलं. सासूबाईंच्या वेळी असं कुणी आलं असतं तर त्यांनी पैशापेक्षा त्या मुख्याध्यापकांना चहा द्यायची घाई केली असती.

एक विचारते. त्याच्या यादीतली काही माणसं एव्हाना वारली असतील. त्यांचं काय करणार?


मालव्यातली रूथ | रविवार, रात्री ९.००

आहेत तशी नावं. ज्यांची मुलं-सुना आहेत त्यांना द्यायचं, वकीलकाका, त्याचा कागद कसा करायचा ते सांगा. ज्यांचं कुणीच उरलं नाही अशा माणसाबद्दल गणनाच्या त्याच पाचव्या अध्यायात लिहिलंय की भरपाई परमेश्वराची, ती याजकाकडे द्यावी. पण ते पैसे आमच्या अर्पणात घ्यायचे नाहीत असं आम्ही ठरवलं. लोकांना वाटेल फिरून चर्चमध्येच आले. त्याऐवजी त्याच वस्तीतल्या शाळेत ज्या मुलांची फी थकलीय ती भरायची, आणि पावती मेलेल्या माणसाच्या नावाने करून घ्यायची. शाळेला तसं चालेल का, ते मुख्याध्यापक उद्या विचारून येणार आहेत.


जुना इंदुरी वकील | रविवार, रात्री ९.४०

वारसांसाठी: एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्यांच्या सह्या एका कागदावर घ्या आणि पैसे कुणाच्या खात्यात जायचे ते त्यातच लिहा. भावाभावांत भांडण लागलं तर तेही याच्याच नावावर जाईल. नमुना मी तयार करतो, फी नको.